नांदवायचा आकडा

रविवार होता. माझ्या वहीप्रमाणे टाकीतलं पाणी साडेपंचवीस अंशांवर होतं, आणि टाकीपाशी आम्ही तिघं हजर होतो: मी, माझी बायको आणि अण्णा. अण्णांनी मनगटावरचं घड्याळ काढून शर्टाच्या खिशात टाकलं, बाही कोपराच्या वर दुमडली, उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात सोडला आणि डोळे मिटले. देवळातली घंटा वाजवल्यावर माणूस क्षणभर थांबतो, तसे थांबले. मग म्हणाले, "गार आहे."

"साडेपंचवीस आहे," म्हणत मी वही पुढे केली.

"वही साडेपंचवीस असेल, इन्स्पेक्टर. पाणी गार आहे."

बायको हसली. मला राग आला. माझी उभी हयात मोजमापात गेली. सातपूरच्या एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे. दुसऱ्याने केलेला जॉब मायक्रोमीटरने तपासायचा आणि मापात नसेल तर बाजूला काढायचा, हे माझं काम. मला कुणी बोटांनी माप सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं.

अण्णा त्याच वसाहतीतल्या दुसऱ्या कारखान्यात चौतीस वर्षं भट्टीवर होते. गिअर, शाफ्ट असलं लोखंड लालबुंद होईपर्यंत तापवायचं आणि नेमक्या वेळी तेलात विझवायचं, म्हणजे ते कडक होतं. भट्टीवाले माल करतात आणि क्वालिटीवाले तो नापास करतात. हे वैर आमच्याकडे सासू-सुनेइतकं जुनं आहे. त्यामुळे मी क्वालिटीत आहे हे कळल्या दिवसापासून त्यांनी माझं नाव सोडून दिलं आणि मला इन्स्पेक्टर म्हणायला लागले. त्यांचं नावही मी इथे लिहीत नाही. कॉलनीत सगळे अण्णाच म्हणायचे. माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे ते एकटे राहायचे. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी नाशिक रोडला दिलेली, तिथल्या शाळेत शिक्षिका.

माझ्याकडची टाकी खरं तर माझ्या मुलाची. खाऱ्या पाण्याची, आत प्रवाळ आणि चार मासे. तो नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि जाताना म्हणाला, "बाबा, बाकी काही नको. फक्त टेंपरेचर सांभाळा." समुद्राच्या तळाशी वर्षभर पाणी जवळजवळ सारखंच असतं. आमच्या नाशिकात जानेवारीत पहाटे आठ-नऊ अंश आणि मे महिन्यात दुपारी चाळीस. समुद्रातला जीव अशा गावात ठेवायचा म्हणजे हिवाळ्यात पाणी तापवणारा हीटर आणि उन्हाळ्यात गार करणारा चिलर, दोन्ही लागतात. मी दोन्ही आणले, आणि वही घातली. तरी प्रवाळ मिटलेलं ते मिटलेलंच. मासे विकणाऱ्या दुकानदाराने अण्णांचं नाव सांगितलं.

तर पाणी गार आहे म्हणून अण्णा सोफ्यावर बसले, चहा मागितला, आणि म्हणाले, "थर्मामीटर कसा तपासलात?"

हा प्रश्न मला आवडला. मी सांगितलं. मुलाच्या कॉलेजातला काचेचा थर्मामीटर होता. उपकरण तपासल्याशिवाय वापरायचं नाही, हा आमचा नियम. म्हणून उकळत्या पाण्यात धरला. पाणी शंभर अंशांना उकळतं. थर्मामीटरने अठ्ठ्याण्णव दाखवले. म्हणजे तो दोन अंश कमी दाखवतो. तेव्हापासून प्रत्येक मापात मी दोन मिळवतो आणि मगच वहीत लिहितो.

अण्णांनी बशी खाली ठेवली. आधी त्यांचे खांदे हलायला लागले, मग आवाज फुटला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"वहिनी, घरात बर्फ आहे का? आणि स्टीलचा ग्लास द्या."

बर्फ कुटून ग्लासात भरला, थोडं पाणी घातलं, थर्मामीटर आत. पाच मिनिटांनी पारा शून्यावर. बरोब्बर शून्यावर.

"यात दोन मिळवा," अण्णा म्हणाले. "म्हणजे तुमच्या घरी बर्फ दोन अंशांवर वितळतो."

मी थर्मामीटर उचलून पुन्हा पाहिला. शून्यच.

"अहो इन्स्पेक्टर, शंभरला पाणी उकळतं ते समुद्रकाठी. आपण जवळजवळ दोन हजार फूट वर बसलोय. नाशिकचं पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळतं. तुमचा थर्मामीटर पास होता. तुम्ही नापास केलात."

चार महिने मी साडेतेवीस अंशांच्या पाण्याला साडेपंचवीस लिहीत होतो, आणि तेही अत्यंत काटेकोरपणे. त्या वहीतलं एकेक पान मी नंतर लाल शाईने दुरुस्त केलं. ती अजून माझ्याकडे आहे.

"मग किती ठेवू?" मी विचारलं. "पुस्तकात चोवीस ते सत्तावीस दिलंय. नेमका आकडा कोणता?"

तेव्हा ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. पुढे शेकडो वेळा ऐकलं. "आकडा कुठलाही घ्या. पण घेतला तर नांदवा."

नांदवणं हा शब्द आपण सुनेसाठी वापरतो, आकड्यासाठी नाही. पण अण्णांचं म्हणणं तेच होतं. हौसेने आणायचा, चार दिवस मिरवायचा आणि मग आज चोवीस, उद्या सत्तावीस असं त्याला हाकलून द्यायचं, हे चालायचं नाही. प्रवाळ पंचवीसलाही जगतं आणि सव्वीसलाही जगतं. रोजचं खालीवर होणं मात्र त्याला सोसत नाही. "बारा महिने पोसता येईल तोच आकडा निवडायचा," ते म्हणत. "पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी आपला मे महिना नसतो." त्यांनी स्वतः सव्वीस निवडला होता. त्याहून कमी ठेवला तर उन्हाळ्यात चिलर दमतो, आणि जास्त ठेवला तर पाण्यात हवा कमी राहते, मासे धापा टाकतात.

मी सव्वीस घेतला. तीन आठवड्यांत प्रवाळ उघडलं. बायकोने मुलाला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "अण्णांच्या हाताने."

त्यानंतर दर रविवारी मी त्यांच्याबरोबर जायला लागलो. शहरात आठ-दहा जणांच्या टाक्या ते बघायचे. स्कूटर माझी, पिशवी त्यांची. तुमच्या ओळखीतही असा एखादा माणूस असेल, की ज्याच्यासोबत जायला काही कारण लागत नाही.

एकदा विंचूरला गेलो. कांद्याचे मोठे व्यापारी होते, ऑफिसात सहा फुटी टाकी. गेल्या गेल्या थंडी वाजली. शेठनी एसी अठरावर लावला होता. संध्याकाळी ऑफिस बंद झालं की एसी बंद.

"आमच्या माशांची लय चैन हाय," शेठ म्हणाले. "दिवसभर एसी खातात."

अण्णांनी हात घातला, डोळे मिटले, उघडले. "शेठ, कांदाचाळीत साठवलेला कांदा कधी सडतो?"

"घाम आला की."

"आणि घाम कधी येतो?"

"दिवसा ऊन, रातच्याला गारठा, असं झालं की... आता कांद्याचं काय काढलं मधीच?"

"तुमच्या माशांना रोज घाम येतोय."

शेठ टाकीकडे बघत राहिले. मग पोऱ्या नाही, मॅनेजर नाही, स्वतः उठले आणि एसी बंद केला. मोजमापाची वही घेऊन मी तिथे तासभर बोललो असतो, तरी हे झालं नसतं.

मी एकदा विचारलं, भट्टीनंतर माशांकडे कसे वळलात? म्हणाले, "मालकांच्या केबिनमध्ये टाकी होती. चिलर बिघडला म्हणून मला बोलावलं. चिलर दुरुस्त झाला, आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर आतलं प्रवाळ फुलासारखं उघडलेलं. चौतीस वर्षं लोखंड तापवलं, इन्स्पेक्टर. ठीक तापलं तरी त्याने कधी वळून बघितलं नाही." निवृत्त झाल्यावर मालकांनी त्या टाकीतल्या हिरव्या प्रवाळाचा अंगठ्याएवढा तुकडा त्यांना दिला. मी पाहिला तेव्हा तो जेवणाच्या ताटाएवढा झाला होता. त्याच्यासाठी अण्णा रात्रीचे कुठे राहत नसत. नातीच्या बारशालासुद्धा जेवून परत आले होते. मुलगी त्यावरून अजून बोलायची.

पाच वर्षं अशी गेली. मग एका हिवाळ्यात गंगापूर रोडच्या एका दातांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. अण्णांनी घड्याळ काढलं, बाही दुमडली, हात सोडला. "बरोबर आहे," म्हणाले.

मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. मी खिशातला थर्मामीटर काढून पाण्यात धरला. एकोणतीस. टाकी पुसताना कुणाचा तरी धक्का लागून हीटरची खुंटी फिरली होती. मी ती मागे फिरवली. अण्णांनी हात पुसला, घड्याळ बांधलं. डॉक्टरांशी हवापाण्याचं बोलले.

परतताना स्कूटरवर मागून आवाज आला. "केव्हापासून असेल कोण जाणे. साखर आहे ना. आधी पायाला गार-गरम कळेनासं झालं. मला वाटलं हाताला धक्का लागणार नाही."

मी म्हणालो, "थर्मामीटर वापरू. त्यात काय."

"वापरू. पण लोकांसमोर हात घालीन मी. लोकांना हात बघायचा असतो."

मला ते पटलं नाही. खोटं माप म्हणजे खोटं माप. पण पुढच्या रविवारपासून मी आधी जाऊन थर्मामीटर बघायचा, त्यांना हळूच आकडा सांगायचा, आणि मग त्यांनी डोळे मिटायचे, असं ठरलं. वर्षभर चाललं. एकदाही कुणाच्या लक्षात आलं नाही. आकडा खरा होता, एवढं मी मनाला सांगत असे.

टाक्यांचं झालं. घरात मात्र त्यांच्या हाताला कुणी आकडा सांगत नव्हतं. गेल्या जानेवारीत थंडी कडक पडली. पाय गारठले म्हणून त्यांनी गीझरचं पाणी बादलीत काढलं. आधी हात घालून बघितला. नेहमीप्रमाणे, डोळे मिटून. ठीक वाटलं, म्हणून पाय सोडले आणि पेपर वाचत बसले. दोन दिवसांनी मुलगी भेटायला आली तेव्हा पायमोजा भाजलेल्या कातडीला चिकटला होता.

दवाखान्यात नेताना त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात दिली. मुलीच्या नाही. "सव्वीस," एवढंच म्हणाले.

सकाळी कामावर जाताना आणि संध्याकाळी येताना मी त्यांच्या घरी जायचो. मग भेटीच्या वेळेत दवाखान्यात. पायाची दोन बोटं काढली होती, ताप उतरत नव्हता. मुलगी उशाशी बसलेली असायची. अण्णा डोळे न उघडता विचारायचे, "किती?" मी म्हणायचो, "सव्वीस." ते मान हलवायचे. पुढे पुढे एवढंच बोलणं उरलं. मुलीशी तेवढंही नाही. डॉक्टर म्हणाले, आता ते प्रयत्न करत नाहीयेत.

नवव्या दिवशी सकाळी त्यांच्या घराचं दार उघडलं तेव्हा खोलीत गारठा होता आणि टाकीच्या काचेवर वाफ. थर्मामीटर तीस. दोनपैकी एक हीटर रात्रीत अडकला होता. बंद व्हायचाच विसरला होता. अण्णा नेहमी एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान लावायचे, कारण एक अडकला तरी सगळं शिजत नाही. त्यामुळे तीसवर थांबलं होतं. पण हिरव्या प्रवाळाची एक कड पांढरी पडायला लागली होती. मी अडकलेल्या हीटरची पिन काढली. फ्रीजमधला बर्फ काढला, तो हातात धरून उभा राहिलो, आणि परत ठेवला. टाकावा की नाही मला माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत होतं तो दवाखान्यात होता. तेव्हा रजा टाकली आणि तसाच निघालो.

मुलगी वॉर्डाच्या दाराशीच भेटली. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "काका, आज विचारलं तर सव्वीस म्हणा."

"मला जमणार नाही."

"एक आकडा तर आहे! त्यांच्याकडे बघा जरा. एक दिवस खोटं बोलता येत नाही तुम्हाला?"

वर्षभर मी त्यांच्या डोळे मिटण्यात सामील होतो. पण आकडा मी कधी बदलला नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला उपाय हवा होता. मी आत गेलो.

"किती?"

"तीस."

अण्णांनी डोळे उघडले. किती दिवसांनी उघडले ते मुलीला माहीत. "बर्फ टाकलात?"

"नाही. हातात घेतला होता."

"शाब्बास. टाकू नका. तापलेलं एकदम विझवलं की तडकतं." ते उशीवर वर सरकायला लागले. मुलीने मागून आधार दिला. "चांगला हीटर आहे ना, तो आज एकोणतीसवर ठेवा. तिथपर्यंत आपसूक उतरेल. उद्या अठ्ठावीस. रोज एक अंश. घाई केलीत तर उरलेलंही जाईल. पंप चालू करा, पाणी वरून हलू द्या, हवा मिळेल. आणि दिवा लावू नका, अंधार असू दे."

"पांढरं पडलंय एका बाजूला."

"पांढरं म्हणजे मेलेलं नाही, इन्स्पेक्टर. नापास करू नका लगेच."

ते अर्धा तास बोलत होते. हीटरची वायर कुठून घ्यायची, पंपाचं तोंड किती फिरवायचं. मध्येच मुलीला म्हणाले, "तू ऐकतेस ना? लक्षात ठेव." तिने नर्सकडून पाणी मागवलं आणि ते दोन घोट प्यायले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून विचारलं. मी सांगितलं, "एकोणतीस. आता अठ्ठावीसवर लावून आलोय." ते म्हणाले, "घाई करू नका."

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी अठ्ठावीसवर उतरलं होतं. मी वहीत लिहिलं. वही खिशात ठेवून खुंटी फिरवणार तेवढ्यात मुलीचा फोन आला. अण्णा गेले होते.

दुपारी अमरधाम स्मशानात माणसं बरीच होती. विंचूरचे शेठ आले होते, दातांचे डॉक्टर आले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत सतरंजी, कोपऱ्यात दिवा, त्याच्याशेजारी टाकी. अण्णांची थोरली बहीण सिन्नरहून आली होती. ती भाचीला म्हणत होती, "हे मासे-बिसे कुणाला तरी देऊन टाक बाई. घर बंद करायचंय ना? कोण बघणार?" मुलगी मांडीवर कागद घेऊन बसली होती. गुरुजींनी दहाव्याच्या सामानाची यादी दिली होती, ती तिच्या हातात होती.

मी चपला काढून दाराशीच उभा राहिलो. सुतकाच्या घरात टाकीला हात लावायला आलोय, हे कसं सांगायचं ते मला कळेना.

"आज किती करायचं, काका?" तिने विचारलं.

"सत्तावीस."

ती उठली, टाकीमागे वाकली. खुंटी कुठे आहे ते तिला ठाऊक होतं. हलकेच फिरवली, काचेतून आत बघितलं. हिरव्या ताटाचा निम्मा भाग पांढरा होता आणि निम्मा अजून हिरवा.

"उद्या?"

"सव्वीस."

"परवा?"

"सव्वीसच. मग रोज तेवढाच."

आत्या म्हणाल्या, "अगं, पण रोज म्हणजे कधीपर्यंत?"

ती परत सतरंजीवर बसली. पेन शोधलं. यादीत काळे तीळ होते, जव होते, दर्भ, तांदळाचं पीठ, पळसाची पानं. सगळ्यांत खाली जागा उरली होती. तिथे तिने लिहिलं, "पाणी, सव्वीस."